रस्त्यात गेलेली फर्दा

कफ्र सवाकी गावात टायर कापून चपला बनवणाऱ्या उस्ता बयूमीचं, म्हणजे बयूमी कारागिराचं, म्हणणं असं, की माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि रबराचा नुसता तुकडा नाकाशी धरा. तो ट्रकचा की ट्रॅक्टरचा हे तर सांगेनच, पण त्यानं जन्मभर विटा वाहिल्या की टरबुजं, तेही सांगेन. कुणी कधी पट्टी बांधून बघितली नव्हती, म्हणून हे म्हणणं आजवर शाबूत होतं.

गावच टायरवर जगणारं. शहरात झिजून मेलेला टायर नाईलच्या या कालव्याकाठी आला, की त्याला दुसरा जन्म मिळायचा. त्याच्या पाट्या व्हायच्या, विहिरीच्या बादल्या व्हायच्या, दाराच्या बिजागऱ्या आणि गाढवाच्या खोगिराखालची गादी व्हायची, आणि उरलंसुरलं चपलांना जायचं. टायरला तिथं सहसा कुणी टायर म्हणत नाही. फर्दा म्हणतात. फर्दा म्हणजे जोडीतली एक. चाकाचीही फर्दा आणि पायातलीही फर्दाच.

या एका शब्दानं पुढं सगळा घोटाळा केला.

कालव्याकाठचा रस्ता दर हिवाळ्यात खचायचा. गाव त्यावर माती टाकायचं, आणि रस्ता ती माती गिळून पुन्हा तोंड वासून बसायचा. अखेर तांता शहराहून नादिर नावाचा तरुण इंजिनिअर आला. त्यानं चिखलात काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली, आणि तो म्हणाला, "याला मातीचं ओझंच पेलवत नाही. टायर यंत्रात घालून चिरायचे, त्या तुकड्यांचा भराव करायचा. हलका राहतो, पाणीही खालून निघून जातं. वर खडी, त्यावर डांबर."

"म्हणजे इतके दिवस टायर रस्त्यावरनं चालला," बयूमी म्हणाला, "आता रस्ता टायरवरनं चालणार."

"तसंच. शहरातून गाड्या भरून येतायत. गावातून थोडे मिळतील का, उस्ता?"

"थोडे? इंजिनिअरसाहेब, तुम्ही चहा घ्या. उद्या सकाळी खळ्यावर पाय ठेवायला जागा राहिली तर माझं नाव बदला."

आणि तो तडक मशिदीत गेला. बांग देणारे शेख तुल्बा भोंग्याजवळ डुलक्या घेत होते. त्यांना जागं करून बयूमीनं मजकूर सांगितला. शेखांनी तो खणखणीत आवाजात गावभर सोडला: "ज्याच्या घरी जुनी, निकामी, कशाच्याही उपयोगाची न उरलेली फर्दा पडली असेल, त्यानं सकाळी खळ्यावर आणून द्यावी. यंत्र येतंय. रस्त्याचं काम आहे."

बयूमी मनाशी खूश झाला. चार शब्दांत काम. या गावात फर्दा म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागतं का?

सकाळी खळ्यावर खरोखरच पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे पायताणंच होती. एकेकटी. टाच उडालेली, जीभ लोंबणारी, लग्नातली, शाळेतली, लष्करातून पळून आलेली. टायर मात्र औषधालाही नव्हता.

"हे काय?" बयूमीचा आवाज चिरका झाला. "मी फर्दा सांगितल्या होत्या."

"मग या काय कोंबड्या आहेत?" भाकऱ्या भाजणारी उम्म गलाल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "निकामी फर्दा आणा म्हणालात, आणली."

"अगं, टायरची."

"टायरची? उस्ता, टायर कधी निकामी असतो? फुटला तर बादली होते, बादली फुटली तर चप्पल होते, चप्पल तुटली तर चुलीत जाते. निकामी काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. जोडी हरवलेली चप्पल."

खळ्यावर एकही माणूस असा नव्हता, ज्याला हे पटलं नाही. इंजिनिअरनंसुद्धा मान डोलावली.

तेवढ्यात गावच्या उमद्यानं, म्हणजे मुखियानं, ढिगात हात घालून एक काळा बूट वर काढला आणि तो गहिवरला. "हा माझ्या लग्नातला. मांडवातनं डावा गेला होता. मी उरलेली रात्र उजव्या पायावर काढली. कुणी आणला हा?"

गावाचा न्हावी झगलूल हळूच उम्म गलालच्या मागं सरकला.

"झगलूल, तू?"

"मालक, मी गंमत म्हणून लपवला होता. परत करायला आलो तर तुम्ही चिडलेले. मग म्हटलं, राग शांत होऊ दे."

"अरे, नातवंडं झाली मला."

"पण शांत कुठं झालात?"

त्यावरून ढिगाला तोंड फुटलं. ही माझी, ती तुमच्या घरात कशी, या चपलेसाठी माझ्या सासूनं मला माहेरी धाडलं होतं. माणसं भांडत होती आणि मध्येच एखादी चप्पल हातात घेऊन गप्प होत होती. कुणाला त्यात मेलेला भाऊ दिसत होता, कुणाला ईदच्या दिवशी कालव्यात पडलेलं स्वतःचंच लहानपण.

शहरातल्या टायरांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. यंत्र घरघरू लागलं. इंजिनिअर म्हणाला, "रबरी तळाच्या असतील त्याही चालतील, थोड्याच आहेत. चामड्याच्या बाजूला काढा."

बयूमीला तोंड लपवायला जागा सापडली. "ऐकलंत? रबर ते रबर. टाका."

कुणाचा हात पुढं होईना.

"अरे, एका फर्देला काय कवटाळून बसता? जोडी गेली की चप्पल संपली. तिला रडायचं असतं का?" असं म्हणून त्यानं पायघोळ गलाबियाच्या बाह्या वर केल्या, पाटीवर पाटी भरली आणि यंत्राच्या तोंडात ओतली. यंत्र कराकरा चावत होतं. दुसऱ्या बाजूनं तळहाताएवढे काळे तुकडे पडत होते.

मग सून साबरीन चहाची किटली घेऊन आली. "बाबा, आपलीही दिली हां मी. पहिल्याच पाटीत होती."

"आपली कसली?"

"पेटीतली. पिवळ्या फडक्यात बांधलेली. मला वाटलं, तुम्हीच गावाला सांगताय म्हटल्यावर आपल्या घरातनं आधी जायला हवी."

बयूमीच्या हातातली पाटी खाली पडली.

ती वहीबाची उजवी फर्दा होती. त्याच्या बायकोची, जी दोन हिवाळ्यांमागं गेली. लग्न ठरल्यावर त्यानं तिच्यासाठी पहिली चप्पल कापली होती, कालव्याकाठानं धावणाऱ्या जुन्या बसच्या टायरची, टाचेवर चंद्रकोर कोरून. तीच घालून नवरी सासरी निघाली. कालव्याच्या वळणावर, उंबराखाली, नेहमीच्या त्या चिखलात तिचा पाय रुतला आणि डावी फर्दा गेली. "पट्टा तुटला," ती म्हणाली. मग नवऱ्यानं तिला पाठीवर घेतलं आणि वऱ्हाड हसत असताना गावापर्यंत आणलं.

त्या पट्ट्यानं त्याचा जन्म खाल्ला. जेवण अळणी झालं असं तो म्हणाला की ती म्हणायची, "ज्याचा पट्टा पहिल्या दिवशी तुटतो त्यानं दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवू नयेत." म्हणून पट्ट्याला दोन चुका, म्हणजे बारके खिळे, पुरतात तिथं तो चार ठोकायचा. कणीक मळताना ती गुणगुणायची:

*चिखला रे चिखला, माझी चप्पल घे ठेवून,*
*धन्याच्या पाठीवरनं येते गाव मी पाहून.*

तो टोमणा समजून बयूमी बाहेर जाऊन बसायचा.

"यंत्र थांबवा," बयूमी म्हणाला.

थांबवलं. पण थांबवून काय करणार? तुकड्यांचा डोंगर झाला होता. बयूमी गुडघ्यांवर बसला, एक तुकडा उचलला, नाकाशी धरला, ठेवला. दुसरा उचलला. चंद्रकोर कुठंच नव्हती आणि वास सगळ्यांना एकच येत होता. गाव बघत राहिलं. मग उम्म गलाल येऊन शेजारी बसली आणि तिनंही एक तुकडा हुंगला. मग उमदा बसला, झगलूल बसला. थोड्या वेळात सारं गाव गुडघ्यांवर बसून टायर हुंगत होतं.

"उस्ता, हा बघा, याला बसचा वास येतोय."

"तो ट्रॅक्टरचा आहे."

"कशावरनं?"

कशावरनं, ते बयूमीलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भराव टाकायला सुरुवात झाली. बयूमी वळणावर उंबराखाली जाऊन बसला. निदान ती फर्दा रस्त्यात कुठं निजते ते बघावं म्हणून. पोकलेन आधी तिथला खोल चिखल उपसत होतं आणि काठावर ओतत होतं. साबरीन शेजारी उभी होती. कालपासून तिनं सासऱ्यासमोर मान वर केली नव्हती.

चिखलाचा एक लोंदा तिच्या पायाशी येऊन फुटला. त्यातून काहीतरी काळं डोकावलं. तिनं ते कालव्यात धुतलं आणि बयूमीच्या मांडीवर ठेवलं.

डाव्या पायाची चप्पल. टाचेवर चंद्रकोर. रबर ते, चिखलानं त्याचं काय बिघडवावं?

बयूमीनं ती उलटीपालटी केली. पट्टा ओढून पाहिला. पट्टा अखंड होता. सगळ्या चुका जागच्या जागी होत्या.

मग त्याचे खांदे हलू लागले. साबरीनला वाटलं, रडतायत. पण तो हसत होता, डोळे पुसत होता आणि पुन्हा हसत होता.

"तुटला नव्हता गं," तो म्हणाला. "काढून टाकली तिनं. पाठीवर बसून गाव बघायचं होतं तिला. जन्मभर गाण्यात सांगत राहिली आणि मी गाढव, चार-चार चुका ठोकत राहिलो."

साबरीननं चप्पल हातात घेतली आणि आतून बोट फिरवलं. अंगठ्याच्या बाजूला, वर आलेल्या चुकेच्या टोकाशी थांबली. काल खाली गेलेली मान आज पहिल्यांदा वर आली.

"तसंही असेल, बाबा," ती म्हणाली. "पण टोचतही असेल. तुमच्या चपला सगळ्यांनाच टोचतात."