आपापली पाकळी

वाघोलीतल्या एका सोसायटीच्या मधोमध गोल हिरवळ होती आणि तिच्यावर लोक वाटेल तिथे बसत. हा प्रकार किती गंभीर आहे, हे बरीच वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते आलं सौरभच्या. तो हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत काळोख पडलेला असे. सभेत तो म्हणाला, "सगळ्यात मोठा फ्लॅट माझा. आणि लॉनवर रोज कोण बसतं? वन बीएचकेवाले! हे फेअर आहे का?"

वन बीएचकेवाले म्हणजे सोनबा. सोसायटी उभी राहिली ती त्याच्याच शेतावर. आता त्याची चैन एकच होती: संध्याकाळी मेहबूबभाईंशेजारी खुर्ची टाकून गप्पा हाणायच्या. मेहबूबभाई म्हातारे शिंपी. बायको गेल्यापासून त्यांचं तोंड उघडे ते या खुर्चीतच.

"भावना नकोत, सूत्र हवं," सेक्रेटरी बापूरावांनी निर्वाळा दिला.

सूत्र दिलं दहावीचे क्लास घेणाऱ्या नीरजाबाईंनी. फ्लॅट जेवढा मोठा, तेवढा केंद्रातला कोन मोठा. कोनाला तीनशे साठने भागायचं. त्याला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने गुणलं की निघते वर्तुळपाकळी, ती बसायला. परिघाने गुणलं की निघतो कंस, तो चालायला. त्रिज्या बेचाळीस फूट निघाली, पायची किंमत बावीस सप्तमांश धरून गणित बिनबोभाट सुटलं, आणि बापूरावांना हा शुभशकुन वाटला. सोनबाच्या वाट्याला पंधरा अंश आले. म्हणजे बसायला दोनशे एकतीस चौरस फूट आणि चालायला अकरा फूट. लगोलग हिरवळीवर फक्कीच्या रेघा पडल्या.

"अकरा फुटात फेरी कशी मारायची हो सायेब?" सोनबाने विचारलं.

"वळायचं," बापूराव म्हणाले. "वळायला मनाई नाही."

मेहबूबभाईंची पाकळी नेमकी समोरच्या टोकाला आली. मग गप्पा ओरडून सुरू झाल्या.

"मेहबूब, पोट साफ झालं का रं?"

"झालं की! दोनदा!"

सगळ्या मजल्यांना ही वार्ता कळली. दुसऱ्याच दिवशी समितीने ठराव केला की, सदर सभासदांचा आवाज इतरांच्या पाकळ्यांवरून विनापरवाना जातो, सबब तो बंद करावा.

सोनबाने रात्रभर डोकं खाजवलं. सकाळी त्याला दिसलं की सगळ्या पाकळ्यांची टोकं मधोमध एकत्र येतात. संध्याकाळी दोघांनी तिथेच खुर्च्या मांडल्या. मेहबूबभाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

समितीची तातडीची बैठक तिथेच, उभ्याउभ्या भरली.

"आपली पाकळी इथवर येते, मान्य," बापूराव म्हणाले. "पण इथे तिची रुंदी शून्य होते. शून्यावर आपण खुर्ची कशी ठेवता?"

सगळ्यांनी नीरजाबाईंकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. "बिंदूला क्षेत्रफळ नसतं," त्या पुटपुटल्या. "सूत्राप्रमाणे बरोबर आहे."

"मग आमी दोघांनी बसायचं कुठं?"

"आपापल्या पाकळीत."

आता ते दोघे फाटकाबाहेर नगर रोडला बसतात. हॉर्नच्या कल्लोळात काही ऐकू येत नाही, म्हणून मेहबूबभाई पुन्हा बोलेनासे झाले आहेत. सोनबा तरी रोज त्यांच्याशेजारी खुर्ची टाकतो. त्याला फार वाईट वाटतं.

हिरवळ मात्र गुडघाभर वाढली आहे. तिच्यावर कुणीच बसत नाही. सौरभ रात्री गॅलरीतून मोबाईलचा टॉर्च मारून आपल्या पाकळीत दुसरं कुणी नाही ना, एवढं बघतो आणि शांत झोपतो.

आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक हे सगळं बघायला येतात, पोट धरून हसतात आणि जाताना बापूरावांकडून ते सूत्र हळूच मागून घेतात.

तुम्हीही हसलात, छान झालं. पण मघाशी सूत्र आलं तेव्हा स्वतःच्या फ्लॅटचा कोन मनातल्या मनात काढलातच ना? आणि शेजाऱ्याचा आपल्यापेक्षा जरा कमी भरला, तेव्हा बरं वाटलं की नाही?