हिरवं दार आणि कुलूपसाहेब

आमच्या इमारतीत "आज काय उकडतंय" असं म्हणणं धोक्याचं आहे. मे महिन्यात हैदराबादेत दुसरं काही सुचत नाही हे खरं, पण तिसऱ्या मजल्याच्या आसपास असलात तर तोंड मिटून जिना चढावा. नाहीतर एक पोपटी हिरवं दार उघडतं, भालकीकर काका डोकावतात आणि विचारतात, "उकडतंय? कशावरून?"

तुम्ही कपाळावरचा घाम दाखवता. तेवढा पुरावा त्यांना पुरत नाही. ते तुम्हाला आत नेतात, स्टुलावर बसवतात आणि पुढ्यात तीन पातेली मांडतात. एकात गरम पाणी, एकात फ्रिजमधलं गार, मधल्यात कोमट. एक हात गरमात घालायचा, एक गारात. थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात. एक हात म्हणतो पाणी गार आहे, दुसरा म्हणतो गरम आहे. पाणी तेच, माणूसही तोच. "आता बोल," काका म्हणतात, "उकाडा हवेत आहे की तुझ्यात?" तोवर भाजीची पिशवी जिन्यात राहिलेली असते, दूध नासायच्या बेतात आलेलं असतं आणि बायकोचा फोन वाजत असतो.

माझे हात त्या पातेल्यांत बरेचदा जाऊन आलेत. मी मूळचा पुण्याचा. कॉम्प्युटरच्या नोकरीपायी इथे आलो आणि नारायणगुड्यात राहून गेलो. माझा स्वभाव असा, की समोरच्या इमारतीतली वीज गेली तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. अशा माणसाला लोक हुडकून काढतात आणि सोसायटीचा सेक्रेटरी करतात. मलाही केलं. तेव्हापासून काका मला नावानं हाक मारत नाहीत. "ओ सेक्रेटरी," म्हणतात.

काका विमा कंपनीत सर्व्हेयर होते. कुठे गोदाम जळालं, कुठे दुकान फुटलं, की जाऊन बघायचं आणि खरं-खोटं ठरवायचं. राख चिमटीत घेऊन हुंगायचे, म्हणे. एकदा एका गोदामाची चोरी त्यांच्याकडे आली. कुलूप तोडलं होतं की मालकानंच उघडून दिलं होतं, एवढाच प्रश्न होता. त्या रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसलं. कव्हर अर्धं फाटलेलं. नाव गेलेलं, फक्त लेखकाचं आडनाव शिल्लक. आता त्या इंग्रजाचं आडनाव आणि कुलपाचा इंग्रजी शब्द, दोन्ही कानाला सारखेच. काका खूश झाले. कुलपांवर एवढा मोठा ग्रंथ आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. घरी येऊन वाचायला बसले तर कुलूप कुठेच नाही. माणसाला जे काही कळतं ते कुठून कळतं, याची शेकडो पानं.

"वाटलं, फसलो," काका सांगतात. "मग लक्षात आलं, हा तर आपल्याच खात्यातला माणूस. तोही सारखा हेच विचारतोय, कशावरून."

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या तत्त्वज्ञाला काका तेव्हापासून कुलूपसाहेब म्हणतात. अगदी घरच्या माणसासारखे. "कुलूपसाहेबांना हे पटलं नसतं," असं ते लिफ्टच्या बटणापासून शेजारच्या राजकारणापर्यंत कशाहीबद्दल म्हणू शकतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या गायकवाडबाई नांदेडच्या, बँकेत अधिकारी. त्यांच्या नातवाच्या बारशाला सगळे पाळण्याभोवती जमले होते. कुणी म्हणालं, नाक आजोबांचं. कुणी म्हणालं, बघा, कपाळावरून हुशार दिसतो. काका पुढे झाले आणि त्यांनी पाळण्यात एक पाटी ठेवली. दगडी, लाकडी चौकटीची, कोरी.

"जन्मताना मन असं असतं," काका म्हणाले. "आत्ताच त्याच्यावर नाकं आणि कपाळं गिरवू नका."

"आणि पेन्सिल?" गायकवाडबाईंनी विचारलं.

"ती तुम्ही द्यायची. मी फक्त पाटी कोरी असल्याचं कळवलं."

"काका, जन्मानं कुणाच्या कपाळावर काही लिहून येत नाही, हे आमच्या घरात तुमच्या इंग्रजाची वाट न बघता शिकवलंय," बाई म्हणाल्या. पण त्या बारशातली ती एकच भेट त्यांनी भिंतीवर लावली.

काकांचं दुसरं दैवत म्हणजे संमती. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांना विचारल्याशिवाय राज्य करता येत नाही, हे कुलूपसाहेबांचं म्हणणं काका आमच्या सोसायटीला लावतात. पाण्याची वेळ बदलली तरी त्यांचा प्रश्न तयार असतो, "माझी संमती कुणी घेतली?" त्यांच्या मते हैदराबादला हे शिकवायची गरजच नाही. "या शहरानं आपल्या मराठीतून काय उचललं? श्रीखंड नाही उचललं. 'नको' उचलला आणि त्याचा 'नक्को' केला. ज्याला नक्को म्हणता येतं, सेक्रेटरी, त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही."

या शहराचा एकच शब्द त्यांना खपत नसे. परसों. बाहेरच्यांना वाटेल, परसों म्हणजे परवा. इथे तसं नाही. इथे होऊन गेलेली कुठलीही गोष्ट परसों होते. आमचा वॉचमन यादगिरी या शब्दावर जगतो.

"टाकी कधी धुतली?" काका विचारतात.

"परसों धोये ना साब."

"परसों म्हणजे? मंगळवारी?"

"नै साब, परसों. दसरे के टैम पे."

काका कपाळावर हात मारतात. नोकरीत या शब्दानं त्यांना फार छळलं होतं. एका दुकानदाराचं दुकान परसों जळालं होतं आणि पॉलिसीही त्यानं परसोंच काढली होती. आता यातली कुठली परसों आधीची, हे ठरवण्यात काकांचा उन्हाळा गेला. "हा शब्द पुरावा म्हणून चालणार नाही," असं ते यादगिरीला दर आठवड्याला बजावायचे. यादगिरी म्हणायचा, "हौ साब, आप परसों बी बोले थे."

आता दाराकडे येतो, कारण हे सगळं मी त्या दारासाठी सांगतोय.

रंगाबद्दल कुलूपसाहेबांचं मत असं, की वस्तूला आकार असतो, वजन असतं, पण रंग तिच्यात नसतो. तो बघणाऱ्याच्या मनात उमटतो. हे पटवायला काका संध्याकाळी जिन्यातला दिवा बंद करायचे. अंधारात त्यांचा आवाज यायचा, "माझं दार आता कुठल्या रंगाचं?"

"दिसत नाही, काका."

"मग हिरवा गेला कुठे? दार तर इथेच आहे." आणि ते दारावर टकटक करून दाखवायचे. मग दिवा लावून समाधानानं आत जायचे. त्या अंधारात कुणी पायरी चुकलं तर मी सेक्रेटरी म्हणून त्यांच्या वतीनं माफी मागायचो.

यंदा सोसायटीनं इमारत रंगवायला काढली. सगळी दारं चॉकलेटी करायचं ठरलं. पहिला मजला झाला, दुसरा झाला. गायकवाडबाईंचं निळं दारही चॉकलेटी झालं. तिसऱ्या मजल्यावर रंगारी पोचले तेव्हा काका दार अडवून उभे होते.

"नक्को," ते म्हणाले.

रंगारी माझ्याकडे आले. कमिटीतले लोक फोनवर तापले होते. एका दारासाठी सगळी इमारत विद्रूप दिसणार, म्हातारा मुद्दाम करतो, असं बरंच काही. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. काका पहिल्यांदा स्वतःच्या जाळ्यात सापडले होते. मला काम करून घ्यायचं नव्हतं, मला जिंकायचं होतं, हे कबूल करतो. पातेल्यांचा हिशेब चुकता करायचा होता.

मी वर गेलो. काकूंनी दार उघडलं. सुमनकाकू म्हणजे आमच्या इमारतीतलं सगळ्यात हसरं माणूस. "या ना," त्या म्हणाल्या. "नाव काय म्हणालात?" त्या हे नेहमीच विचारायच्या. मला वाटायचं, बोलायची लकब असेल. मी नेहमीसारखं नाव सांगितलं आणि काकांसमोर बसलो.

"काका, रंग दारात नसतोच ना?"

"नसतो."

"बघणाऱ्याच्या मनात असतो."

"बरोबर."

"मग दार चॉकलेटी केलं काय, हिरवं राहिलं काय, तुमचं काय जातं? मनात हिरवं बघा."

मी "कशावरून" ची वाट बघत बसलो. तो आला नाही. काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथे भांडी वाजत होती. मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या सकाळी ये. जिन्यात उभा राहा. नुसतं बघ."

सकाळी मी गेलो तेव्हा काका चौथ्या मजल्याच्या जिन्यात, कठड्याच्या आड उभे होते. मला त्यांनी बोटानं गप्प राहायला सांगितलं. तिथून खालच्या दोन मजल्यांची दारं दिसत होती. काकू अंगणात प्राजक्ताची फुलं वेचून परत येत होत्या. ओंजळ भरलेली. आमची लिफ्ट त्या वापरत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. गायकवाडबाईंच्या चॉकलेटी दारासमोर. दाराकडे पाहिलं, वर नंबराकडे पाहिलं. ओंजळ छातीशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग शेजारच्या चॉकलेटी दारासमोर गेल्या आणि परत आल्या. बेलकडे कोपर नेलं आणि मागे घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मी पहिल्यांदाच गेलेलं पाहिलं. मला खाली धावत जावंसं वाटलं. काकांनी माझं मनगट धरलं.

त्या हळूहळू वर आल्या. वळणावर आल्या आणि त्यांना हिरवं दिसलं. खांदे सैल झाले. "आलं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कोपरानं दार ढकलून आत गेल्या.

"नंबर वाचते," काका म्हणाले. "पण तो आपला, हे कळत नाही. हिरवं कळतं. तो रंग तिनंच निवडला होता, नव्या घरात आलो तेव्हा."

"काका, तुम्ही बरोबर का जात नाही? हात धरून आणायचं."

"विचारलं होतं. नक्को म्हणाली. माझी फुलं मी आणीन म्हणाली." ते थोडे हसले. "संमती नाही. म्हणून मी इथे उभा राहतो. हे तिला माहीत नाही."

इतकी वर्षं मी त्या घरी चहा प्यायलो होतो, आणि दर वेळी नाव विचारणाऱ्या बाईला दर वेळी नाव सांगून पुढच्या विषयाला लागलो होतो.

"कुलूपसाहेबांनी लिहिलंय," काका म्हणाले, "माणूस म्हणजे त्याची आठवण. आठवतं तिथवरच तो तोच माणूस." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "इथे साहेब चुकलेत. विचार, कशावरून."

"कशावरून?"

"अनुभवावरून. मी रोज बघतो. कालचं तिला आठवत नाही, पण फुलं वेचताना फांदीवरची कळी ती आजही तोडत नाही, उद्यासाठी ठेवते. हसते तीच. रागावते तीच. साहेबांनी लग्न केलं नव्हतं, त्यांना कुठून कळणार?"

मी खाली आलो आणि गायकवाडबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. जिन्यात जाऊन रंगाऱ्याला म्हणाल्या, "वरच्या हिरव्या दाराला ब्रश लावलास तर गाठ माझ्याशी आहे. आणि माझ्या दाराला परत निळा लाव."

"मॅडम, कमिटीनं चॉकलेटी सांगितलाय."

"कमिटीला म्हणावं, माझी संमती कुणी घेतली?"

पुढच्या बैठकीत आरडाओरडा होईल असं मला वाटलं होतं. माझी माफीही तयार होती. ती लागली नाही. बाईंनी चार वाक्यं सांगितली आणि ज्याला जो रंग हवा तो लावू द्यावा, असं ठरलं. आमची इमारत आता आतून रंगपंचमी झाल्यासारखी दिसते. पाहुणे हसतात. काकू कुठल्याच मजल्यावर थांबत नाहीत.

काकांचा हुरूप तसाच आहे. परवा म्हणजे खरोखरच्या परवा, त्यांनी गॅसवाल्याचे हात पातेल्यात घातले. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. काकूंनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलीचं काय चाललंय तेही सांगितलं. त्यांनी सगळं नव्यानं, आवडीनं ऐकलं. मग कप हातात घेता घेता त्यांना एकदम आठवलं.

"अहो, आमचा दादा आला नाही कितीतरी दिवसांत," त्या काकांना म्हणाल्या. "कधी येऊन गेला तो?"

काकूंचे दादा कधीच वारले. गौलीगुड्यातल्या त्यांच्या घरी काकांबरोबर मीही गेलो होतो, त्यांना पोचवायला. काकूही तिथे होत्या.

मी कपाकडे पाहत राहिलो. ज्या माणसानं आयुष्यभर पुराव्याशिवाय राखही राख म्हणून मान्य केली नव्हती, तो काय सांगणार, याची मला धास्ती वाटली. काकू वाट बघत होत्या. काकांनी चहातली साखर ढवळली, चमचा बशीत ठेवला.

"परसों," ते म्हणाले. "परसों येऊन गेला की. तुझ्या हातचं पिठलं खाऊन गेला."

काकूंचा चेहरा निवळला.

"हौ की," त्या म्हणाल्या. "परसोंच."