मोजणाऱ्या बाई

डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. "दहा दिवस रोज तीनदा श्वासाचा व्यायाम. ब्लडप्रेशर उतरलं तर ठीक, नाहीतर मास्तर, दुकान बंद करा आणि घरी बसा."

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं दुकान हेच त्यांचं जग. घरी बसून माणूस करतो तरी काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते विसरतील म्हणून व्यायामाचा ताबा बायकोनं घेतला. मशीनशेजारी खुर्ची टाकून ती खणखणीत आवाजात मोजू लागली. चार अंकांत श्वास आत, दोन अंक थांबायचं, सहा अंकांत बाहेर.

तिसऱ्या दिवशी नेमक्या व्यायामाच्या वेळी अग्निशमन केंद्राचे सात जवान कोटांची मापं द्यायला आले.

"अगं, गिऱ्हाईक आहे," मास्तर कुजबुजले.

"असू दे. मापं घेता घेता करा. श्वास आत! एक, दोन..."

मास्तरांना एक नवीनच शोध लागला. श्वास थांबवला की हात अजिबात हलत नाही. मग काय, प्रत्येक छातीचं माप त्यांनी नेमकं त्या दोन अंकांत घेतलं. इतकी काटेकोर मापं आयुष्यात घेतली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी कोट अंगावर चढवून सातही जण दुकानात उभे राहिले. केंद्रप्रमुखांचा चेहरा गंभीर होता.

"मास्तर, एकेका कोटात दोघं मावतील. उद्या गणवेशाची तपासणी आहे हो!"

मास्तरांचे कान लाल झाले. बायको खुर्चीतून ताडकन उठली. दुपारी डॉक्टरांकडे जायचं होतं!

"रागावू नका! श्वास आत!" ती ओरडली. "एक, दोन, तीन, चार. थांबा!"

सात छात्या फुगल्या आणि सातही कोट अंगावर चपखल बसले.

मास्तर बघतच राहिले. "तुम्ही का श्वास घेताय?"

"बाईंनी हुकूम दिला ना," एक जवान श्वास न सोडता कसाबसा म्हणाला. "त्या दिवशीपण दिला होता."

बायको मटकन खाली बसली. "माझ्यामुळेच झालं सगळं. आता दुकान जातंय."

मास्तरांनी मात्र शांतपणे कात्री उचलली. "काढा कोट. बाजूच्या शिवणी उसवून आत घेतो. संध्याकाळी घेऊन जा."

दुपारी डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा दोनदा पाहिला आणि मान डोलावली. "एकशे अठ्ठावीस. झकास! खुशाल दुकान चालवा."

बायकोला रडूच कोसळलं. तिला लागलेली धाप पाहून डॉक्टरांनी तोच पट्टा तिच्या दंडाला बांधला. आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"एकशे ब्याऐंशी! अहो बाई, दहा दिवस तुम्हीपण व्यायामाला बसत होतात ना? श्वास घेत नव्हतात?"

"मी कधी घेणार?" ती डोळे पुसत म्हणाली. "मी मोजत होते."