शून्य गळती

मीटरसाहेबांनी बागेचा सोळावा आराखडा जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा त्यांच्या बायकोने आपलं ताट उचललं आणि अंगणातल्या तुतीखाली जाऊन ती जेवली. पहिले पंधरा आराखडे तिने टेबलाच्या कोपऱ्यावर जेवून सोसले होते. सोळाव्याने कोपराही शिल्लक ठेवला नाही.

मीटरसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे, पण गल्लीत दुसरं कुणाला आठवायचंही नाही. एकतीस वर्षं पाणी खात्यात मीटर तपासनीस होते. त्या कोरड्या शहरात पाणी माणशी मोजून मिळायचं, आणि ज्याच्या घरी गळती सापडेल त्याचं पाणी आठवडाभर बंद व्हायचं. साहेबांनी वकिलांचं बंद केलं, दवाखान्याच्या मालकाचं बंद केलं, आणि टाकीची तोटी ठिबकते म्हणून शेजारच्या मास्तरांचं तर ऐन उन्हाळ्यात बंद केलं. तेव्हापासून नऊ वर्षं मास्तर त्यांच्याशी बोलत नव्हते. साहेबांना त्याचं काही वाटत नसे. भिंतीपलीकडून येणारी कटकट कमी झाली, एवढंच ते म्हणायचे.

आता असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल का? त्यांनी कमी पाण्यावरची आदर्श बाग आखायला घेतली. हिरवळ वगैरे चैन नाही. खडी, कोरफड, घायपात, निवडुंग, कुंपणाला दोन बोगनवेली, न्हाणीघराच्या पाण्यासाठी एक चर, आणि मधोमध ती तुती. गल्लीत मोठं म्हणावं असं तेवढं एकच झाड होतं. दुपारी बाराला, दोनला आणि चारला तिची सावली कुठे पडते ते साहेबांनी तुटक रेषांनी काढलं होतं, आणि कुठलं रोप कुठे लावायचं ते सगळं त्या रेषांवर ठरलं होतं.

त्या सावलीत बायकोची खुर्चीही असायची, पण ती आराखड्यात नव्हती. बाईंना दमा होता. दुपारी एकला वीज जायची ती पाचला यायची, आणि तेवढ्या वेळात स्लॅबखालच्या दोन खोल्यांची नुसती भट्टी व्हायची. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं की उन्हाळ्यात दुपारी यांना गारव्यात ठेवा, नाहीतर आमच्याकडे आणून ठेवावं लागेल. म्हणून त्या रोज तुतीखाली खुर्ची टाकून बसायच्या, शेंगा सोलायच्या, डुलकी काढायच्या, आणि श्वास बापडा नीट चालायचा.

रोपवाला जागा बघायला आला. शब्द मोजून खर्च करणारा माणूस. तो तुतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, एवढ्या कोरड्यात ही एवढी हिरवी कशी? साहेबांनी बुंध्यावर थाप मारून त्याला सांगितलं की मुळं खोल गेली आहेत, शिस्तीत वाढलेलं झाड आहे. बाईंनी तेवढ्यात चहाचं विचारलं आणि विषय बदलला.

रोपं आणण्याआधी घरात पाणी किती लागतं ते साहेबांना नक्की करायचं होतं. खरं म्हणजे घराचा वापर असायला हवा त्याहून जास्त आहे, हे त्यांना अकरा वर्षं दिसत होतं. पण तो बायकोच्या भांडी घासण्यामुळे, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. दर महिन्याला मीटर वाचून झालं की बाईंना दहा मिनिटं बोलणी बसायची. नळाची धार किती असावी हे साहेब हातवारे करून दाखवायचे. बाई मुकाट ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या महिन्यात आकडा तोच यायचा.

या वेळी मात्र साहेबांनी रीतसर परीक्षा घेतली. सगळे नळ बंद केले आणि मीटरपुढे उकिडवे बसले. शहरातल्या घराघरांत त्यांनी ही परीक्षा घेतली होती. स्वतःच्या घरात कधी घेतली नाही, कारण इथली लाइन त्यांनी स्वतःच्या हाताने टाकलेली होती. नळ बंद असताना मीटरची लाल सुई हलता कामा नये. ती हलत होती. अगदी आरामात, फिरायला निघाल्यासारखी हलत होती.

"आपल्याकडे गळतंय," ते आत येऊन हळूच म्हणाले.

"गळू द्या की. थेंबभर असेल," बाई म्हणाल्या.

थेंबभर म्हटल्यावर साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका थेंबाचे वर्षाला किती पिंप होतात ते त्यांनी बाईंना उभ्याउभ्या ऐकवलं. नळदुरुस्तीवाल्याला बोलवायची सोय नव्हती, तो दुपारपर्यंत गल्लीभर सांगत सुटला असता. तेव्हा वयाच्या सहासष्टाव्या वर्षी साहेबांनी स्वतःच कुदळ हातात घेतली, आणि कुणाला दिसू नये म्हणून कुंपणावर चारी बाजूंनी चादरी वाळत घातल्या.

लाइनचा नकाशा त्यांच्याजवळ होता. नकाशाप्रमाणे खणलं तर तिथे पाइप नव्हता. दुसऱ्या दिवशी हातभर डावीकडे खणलं, तिथेही नव्हता. तिसऱ्या दिवशी पाना सापडेना. तो धान्याच्या डब्यामागे निघाला. बाई म्हणाल्या, आवराआवरीत गेला असेल. चौथ्या दिवशी समोरच्या काकू चादरी बघून चौकशीला आल्या. फाटकातून त्यांना साहेब दिसले, माणसाच्या लांबीच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उभे. "वहिनी बऱ्या आहेत ना?" एवढंच विचारून काकू आल्या पावली परत गेल्या. संध्याकाळपर्यंत तिघीजणी येऊन बाईंना डोळ्यांनी बघून गेल्या.

पाचव्या दिवशी गळती सापडली. तुतीच्या बुंध्यापासून दोन हातांवर पाइपचा सांधा होता, आणि त्याला मुळांचा असा काही वेढा पडला होता की सांधा दिसतच नव्हता. साहेबांनी दोन बादल्या भरून मुळं कापून काढली, नवा सांधा बसवला, आटे घट्ट आवळले आणि खड्डा बुजवला. मीटरची सुई भिंतीवरच्या खिळ्यासारखी निश्चल उभी राहिली. त्यांनी कौतुकाने बायकोला बोलावून दाखवली. बाईंनी सुई बघितली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. साहेबांनी आराखड्याच्या कोपऱ्यात तारीख घालून ठळक अक्षरांत लिहिलं, शून्य गळती.

रोपं आली, खडी आली, तुटक रेषांप्रमाणे सगळं लागलं. आणि तिसऱ्या आठवड्यात तुती पिवळी पडायला लागली. साहेबांनी कीड ठरवली आणि औषध फवारलं. मग उष्मा ठरवला आणि जाळी बांधली. मग न्हाणीघराचं पाणी तिच्याकडे वळवलं, पण तेवढ्याने वरची माती फक्त काळी व्हायची. पानं गळत गेली. सावली पातळ होत गेली. आधी बाईंची खुर्ची सावलीत असायची आणि पाय उन्हात. मग पाठ सावलीत असायची आणि खुर्ची उन्हात. सावलीच्या भरवशावर लावलेली कोरफड भाजून तांबडी झाली. एका दुपारी बाईंचे ओठ निळे पडले, त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तीन दिवस त्या नळी लावून पडून होत्या. साहेब शेजारच्या स्टुलावर बसून होते आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुठलाही आकडा सुचत नव्हता. ते फार घाबरले होते.

परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवरच ठरवून टाकलं. आईला मी घेऊन जाते, आमच्याकडे हवा गार आहे, बाबा तुम्हीही चला. बाईंना घरी आणलं त्या सकाळीच ती येऊन पोचणार होती.

त्याच सकाळी रोपवाला उरलेले पैसे न मागता नुसता झाड बघायला आला. त्याने नखाने साल खरवडली.

"साहेब, हे पाण्यावाचून मरतंय."

"रोज घालतोय मी."

"वरून घालताय. याचं पाणी खालून यायचं. कुणीतरी बंद केलं."

पायांतल्या चपला तिथेच टाकून साहेब कुदळ आणायला धावले. या वेळी चादरी लावायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. भर उजेडात त्यांनी स्वतःची खडी उधळली, स्वतःचं घायपात उपटून बाजूला फेकलं आणि सांध्यापर्यंत खणत गेले. भिंतीवरून मास्तरांचं डोकं वर आलं. नऊ वर्षांनी ते बोलले.

"गळती सापडली का हो?"

"नाही," साहेब पाना लावत म्हणाले. "करतोय."

मास्तर काहीतरी लागट बोलायला आले होते, पण साहेबांचा चेहरा बघून त्यांनी डोकं पुन्हा खाली घेतलं. सांधा सैल झाला, पाणी झिरपायला लागलं. रोपवाला म्हणाला, मुळांत जीव असेल तर फुटेल, सांगता येत नाही.

बाई ओसरीच्या खांबाला धरून हे सगळं बघत होत्या. लेकीची गाडी दाराशी लागली होती आणि त्यांची पिशवीही गाडीत गेली होती. त्या हळूहळू खड्ड्याच्या कडेला आल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी खुर्चीचा पाय ओल्या मातीत रुतला, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? दर महिन्याला माझं ऐकून घेत होतीस."

"बोलले असते तर तुम्ही दुरुस्त केलं असतं."

साहेबांचे हात चिखलाने भरले होते, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. लेक म्हणाली, बाबा, आता हे सोडा, हात धुवा आणि गाडीत बसा.

"त्यांना राहू दे," बाई दम खात म्हणाल्या. "पाणी वाया घालवायला इथे कुणीतरी हवं."

साहेबांनी मान डोलावली, आणि खाली वाकून सांधा आणखी अर्धा आटा सैल केला.