बसाण्णा पट्टा घालून बघतात

कुत्र्याचा पट्टा घ्यायचा झाला की बसाण्णा तो आधी स्वतःच्या गळ्यात घालत. गंमत म्हणून नव्हे. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते बक्कल लावत, मान डावीकडे वळवत, उजवीकडे वळवत, मग दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागत. पिताना डोळे मिटून घेत. घोट कुठवर गेला याचा अंदाज घेत आणि बहुतेक वेळा पट्टा काढून काउंटरवर ठेवत.

"ह्यो न्हाय. घोट अडकतोय."

"अण्णा, कुत्र्यासाठी हाय न्हवं?" दुकानदार म्हणायचा.

"मग कुत्रं काय कानानं पाणी पितंय?"

कसबा बावड्यात आम्ही नवं घर बांधून राहायला आलो, तेव्हा भिंतीला भिंत लागून बसाण्णांचं घर. मूळचे गडहिंग्लजच्याही पलीकडच्या, सीमेवरच्या खेड्यातले. उभा जन्म गुळाच्या व्यापारात गेला, त्यामुळे कुठलीही वस्तू अंगठ्यानं दाबून बघितल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे. पट्ट्याचं कातडंही ते गुळाच्या ढेपेसारखं दाबत, वास घेत, कानाशी नेऊन वाकवत. करकर वाजलं तर नापास. पास झालेला पट्टा घरी नेऊन एरंडेलात मुरवत ठेवत.

गंमत अशी, की त्यांच्याकडे कुत्रं नव्हतं. मांजर नव्हतं, पोपट नव्हता, कुंडीत साधी तुळससुद्धा नव्हती. बायको वारल्यापासून घरात ते एकटे. पण कॉलनीत कुणी पिल्लू आणलं की त्याला नाव ठेवायच्या आधी बसाण्णा दारात हजर. दोन बोटं पुढं करून म्हणायचे, "पट्टा आन् गळा, मधी दोन बोटं गेली पायजेत. आन् घोट उतरला पायजे. बाकी तुमचं तुमी बघा."

आता माझी गोष्ट सांगते. मी तेव्हा चाळिशीतली होते. केस नुकतेच खांद्यापर्यंत कापलेले, आणि कॉलनीतला पहिला अल्सेशियन आपल्या दारात, त्यामुळं पाय जमिनीला लागत नव्हते. त्याचं नाव प्रिन्स. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, चार महिन्यांत कान उभे राहतील. ते कान आम्ही तो म्हातारा होईपर्यंत बघत राहिलो. उभे राहिले नाहीत ते नाहीत. तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही, कारण मी त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलत असे. जातिवंत कुत्र्याला मराठी कळत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. "प्रिन्स, सिट" म्हणायचे आणि तो उठून स्वयंपाकघरात जायचा.

महाद्वार रोडवरून मी त्याच्यासाठी पट्टा आणला. लालभडक रेक्झिनचा, चकाकत्या खिळ्यांचा, पुढं एक घुंगरू. घेण्याचं कारण एकच, माझी नवी पर्स त्याच रंगाची होती. बसाण्णांनी भिंतीपलीकडून बघितलं आणि फाटकातून आत आले.

"वैनी, गळा हाय त्यो, पोत्याचं तोंड न्हवं. एक बोट जात न्हाय आत."

"पण शोभतोय किती छान."

"शोभतोय तर तुमीच घाला की. घाला आन् चपातीचा एक घास खाऊन दावा."

आता शहाण्या बाईनं हसून सोडून दिलं असतं. मी पट्टा काढला आणि घातला. माझा गळा तेव्हा बारीक होता, आणि अक्कलही. चपातीचा घास तोंडात घातला आणि तो मध्येच बसला. मी घाईनं बक्कल काढायला गेले, तर ते मानेमागं सरकलं आणि केसांत गुंतलं. नेमके त्याच वेळी ह्यांचे साहेब बायकोला घेऊन चहाला आले.

मी पदर गळ्याभोवती घेतला. पण चहा ओतताना घुंगरू वाजलं. साहेबांच्या बाईंनी वाकून बघितलं.

"अय्या, ठुशीचा नवा प्रकार का हो हा?"

"हो," मी म्हणाले. "ऑर्डर देऊन करून घेतलीय."

बसाण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. पाहुणे गेल्यावर पक्कड आणून त्यांनी मला मोकळं केलं, आणि एवढंच म्हणाले, "तुमाला हात तरी हाईत, कुत्र्याला त्ये बी न्हाईत." आठवड्यानं प्रिन्सच्या गळ्यात बसाण्णांनी निवडलेला मऊ तपकिरी पट्टा आला. तो लाल पट्टा मी कपाटात कुठंतरी कोंबला.

पण बसाण्णा म्हणजे सगळं बरोबरच, असंही नव्हे. समोरच्या पाटलांच्या पिल्लासाठी त्यांनी चपला शिवणाऱ्याकडून पट्टा करून घ्यायचं ठरवलं. कातडं निवडण्यात एक महिना, मुरवण्यात एक महिना, बक्कल पसंत नाही म्हणून आणखी काही दिवस. पट्टा आला तोवर पिल्लाची मान खांबाएवढी झाली होती. पाटलीणबाई म्हणाल्या, "अण्णा, आता ह्यो कुणाला घालू, माझ्या मनगटाला?" बसाण्णा गंभीरपणे म्हणाले, "बघा की. दोन बोटं जात्यात काय?"

मग काळी आली.

ऊसतोडीला विजापूरकडची एक टोळी आमच्या मागच्या फडात उतरली होती. हंगाम संपला, टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून गेली आणि ही कुत्री मागं राहिली. काळी, बारीक, हाताला कधीच न लागणारी. भाकरी टाकली तर आपण आत गेल्यावर येऊन खायची. बसाण्णा रोज दूधभाकरी कुस्करून फाटकाबाहेर ठेवत. कुणी म्हटलं, "अण्णा, पाळली काय?" की लगेच मान हलवत. "छ्या. गल्लीची हाय. माझं काय न्हाय."

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीत कुत्रं कुणाला तरी चावलं, आणि रिक्षातून भोंग्यावर सूचना फिरली. परवा सकाळी गाडी येणार, पट्टा नसलेली सगळी कुत्री धरून नेणार. नेलेली कुत्री परत आल्याचं आमच्यात कुणी बघितलं नव्हतं.

बसाण्णांचं जेवण सुटलं. सायकल काढून ते दोन दिवस पट्टे बघत हिंडले आणि रिकाम्या हातानं आले. हा जाड, तो कडक, ह्याच्या बक्कलाला धार. मी म्हटलं, "अण्णा, साधी दोरी बांधा आता." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्याच गळ्यात दोरी बांधायला सांगितली होती. शेवटी आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या कमरेचा जुना पट्टा कापला. वर्षानुवर्षं वापरून कातडं कापडासारखं झालं होतं. पायजम्याला नाडी असतेच, म्हणाले.

सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि काळी घाबरून गल्लीत उभ्या असलेल्या उसाच्या रिकाम्या ट्रॉलीखाली जाऊन बसली. अर्धी कॉलनी जमली. पाटलीणबाई "यू यू यू" करत होत्या. आमचे हे बिस्किटं दाखवत होते. मी तांबड्या रश्श्यातलं हाड आणलं, आणि सांगायला लाज वाटते, "कम, कम, गुड गर्ल" असंही म्हणून बघितलं. ती आणखी आत सरकली. बसाण्णा पट्टा हातात धरून "ये गं, ये की" म्हणत होते आणि त्यांचा आवाज चिरकायला लागला होता. फास घेतलेली दोन माणसं चालत येताना दिसत होती.

मग बसाण्णा मातीत मांडी घालून बसले आणि अगदी हळू म्हणाले, "बारव्वा. बा. अंजब्याड."

ट्रॉलीखाली शेपटी हलली.

आम्हा एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की कुत्री विजापूरकडची आहे, तिला कन्नड कळतं. बसाण्णांच्याही नाही, त्यांच्या तोंडून ते आपसूकच निघालं होतं. ते पुन्हा तसंच, ये बाई, भिऊ नको, अशा अर्थाचं काहीतरी बोलले, ती पोटावर सरपटत बाहेर आली आणि तिनं डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं. त्यांनी पट्टा घातला. बोटं आत घातली, आणि काढून एक भोक सैल केलं.

"अण्णा, पुरे, आले ते," मी म्हणाले.

"थांबा वैनी. पाणी आणा."

फास घेतलेली माणसं शेजारी उभी, आणि बसाण्णा तिला वाटीतून पाणी पाजून गळ्याकडे बघतायत. घोट खाली गेला. मगच ते उठले.

"कुणाचं कुत्रं?" त्यातल्या एकानं विचारलं. "कालपत्तोर बिनपट्ट्याचं हिंडत हुतं. पट्टा आत्ता घातलासा. मालक कोण?"

बसाण्णांनी काळीच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हणणार, गल्लीची हाय. आणि गल्लीची म्हटलं की नेलीच.

"आमच्या घरातली हाय," ते म्हणाले.

त्या माणसानं घराकडं बघितलं. बंद खिडक्या, दोरीवर एकच पायजमा.

"घरात कोन कोन असतंय?"

"मी आन् ही."

माणसं पुढं गेली. पाटलीणबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि लगेच धुळीला शिव्या दिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले, तर भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं. त्यांची बायको नीलव्वा असताना रोज असाच आवाज यायचा. तिला मराठी फारसं यायचं नाही, दोघं कन्नडात वाद घालायची, हसायची. ती गेल्यावर तो आवाज थांबला. अण्णा आता पक्के मराठी झाले, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. गल्लीत कन्नड बोलायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं, हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी चवड्यांवर उभं राहून डोकावले. काळी उंबऱ्याच्या बाहेर, पाय पसरून. बसाण्णा आत पाटावर. काहीतरी लांबलचक सांगत होते, हातवारे करत, बहुतेक बाजारातल्या पट्ट्यांबद्दलच. प्रत्येक दोन-चार वाक्यांनंतर ते थांबत होते, समोरच्याला बोलायला जागा द्यावी तसे, आणि मग मान हलवून पुढं बोलत होते.

मी दोरीवरचे कपडे तसेच ठेवले आणि चपला हातात घेऊन आत आले.