पोंक्षे टेबलावरच आहेत

ठाण्याच्या जिल्हा पाणी तक्रार कक्षात नवी फोन यंत्रणा बसवण्यात आली. बाहेरच्या कुठल्याही फोनवरून ठरावीक नंबर फिरवून गुप्त आकडा दाबला, की टेबलावरचे कॉल आपल्याला तिथे घेता येत. पाहणीसाठी बाहेर गेलेल्या अधिकाऱ्याला नागरिकांनी मुकू नये, असा उदात्त हेतू होता. आठवड्याभरात सगळा कक्ष पाहणीवर गेला.

उपअधीक्षक त्र्यंबक पोंक्षे यांची पाहणी डोंबिवलीत, स्वतःच्या घरी, मटार सोलत चालू होती.

शहाडच्या सुमती दामले या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या इमारतीत पाणी येत नव्हतं. फोन केला की पोंक्षे गोड आवाजात सांगत, "टेबलावरूनच बोलतोय. काम प्रगतिपथावर आहे." शेवटी बाई चिडून थेट ठाण्याला गेल्या. कक्षात चिटपाखरू नव्हतं. छतातला पाइप फुटून घोट्यापर्यंत पाणी मात्र साचलं होतं. पोंक्षे यांच्या नावाची पाटी पाहून बाई त्यांच्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि त्यांनी मोबाइल लावला.

"पोंक्षे, कुठे आहात?"

"टेबलावरच."

"अहो, तुमच्या खुर्चीत मी बसलेय!"

पोंक्षे यांनी मटाराची आणखी एक शेंग सोलली. "बाई, गैरसमज होतोय. खुर्चीत मी आहे."

"इथे पाणी भरलंय हो! पाइप फुटलाय!"

"म्हणजे पाणी आलं? मग तुमची तक्रार निकाली काढतो."

बाईंनी वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठांनी तत्काळ पोंक्षे यांना फोनवर गाठलं.

"ऑफिसात पाणी शिरलंय म्हणे?"

"छे, सर. मी इथेच आहे ना. आपणही केबिनमध्येच आहात ना?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"अर्थात," वरिष्ठ म्हणाले. "सगळं कोरडं आहे."

संध्याकाळपर्यंत फोनचं यंत्र बुडालं आणि सगळ्यांना एकदमच ऑफिसात यावं लागलं. चौकशी झाली. नोंदींनुसार सर्व अधिकारी जागेवर हजर होते आणि कुणालाही पाणी दिसलं नव्हतं. पाणी पाहणारी व्यक्ती एकच. सुमतीबाईंना नोटीस गेली : कार्यालयीन वेळेत कार्यालयात विनाकारण हजर राहिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?

त्याच महिन्यात नागरिकांचा कौल घेण्यात आला. फोन पहिल्याच रिंगला उचलतात म्हणून कक्षाला भरभरून पाच स्टार मिळाले. तुम्हीही दिलेत. घरच्या नळाला पाणी होतं का, हे तुम्ही बघू शकला नाहीत, कारण तुम्हीही तेव्हा ऑफिसातच होतात.

होतात ना?