साडेसातची शालनअक्का

आमची शालनअक्का रोज संध्याकाळी साडेसात ते आठ फोनवर धडधडीत खोटं बोलायची. रविवारी सुट्टी.

इस्लामपुरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत अक्काचं वधू-वर सूचक केंद्र. केंद्र म्हणजे एक कपाट, दोन खुर्च्या, एक टीव्ही आणि स्वतः अक्का. नात्यानं ती माझी कुणी नाही, शेजारीण. पण माझ्या बारशाला माझ्या कानात कुर्र हिनंच केलं होतं, आणि हे ती मला महिन्यातून दोनदा तरी ऐकवते. त्यामुळं नातं नाही असं म्हणायची सोय नाही.

आता खोट्याचं सांगतो. टीव्हीवर साडेसातची एक मालिका लागायची. बंगला, दागिने, कारस्थानं, सगळं नेहमीचं. त्यात ऋतुजा नावाची सून आणि दमयंती नावाची फौजदारीण. ही फौजदारीण एका हाराच्या चोरीचा तपास करायला बंगल्यात आली ती दोन वर्षं गेलीच नाही. अक्का टीव्हीसमोर बसायची, फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवायची आणि कोयनानगरला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, मंगलला, काय चाललंय ते सांगायची. का, तर तिकडं डोंगरात डिशचं चित्र अडकतं.

एकदा मी सहीसाठी कागद घेऊन वर गेलो. टीव्हीवर ऋतुजानं दमयंतीच्या तोंडावर धाडकन दार लावलं. आणि अक्का फोनमध्ये म्हणते, "दार उघडलं बघ मंगल. आत ये म्हणाली. तांब्यातनं पाणी दिलं. बोटाला बोट लागलं, आन दोघी बी हसल्या."

"अगं अक्का, दार लावलं की तोंडावर!"

तिनं फोनवर पंजा दाबला. "गप रं बाळू. तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय."

तिकडून मंगलचा आवाज आला, "मग? पाणी प्याली का?"

"प्याली की. सगळा तांब्या."

मी कागद घेऊन खाली आलो. म्हटलं, म्हातारपण असं येतं.

पण अक्काला कशाचंही लग्न लावायची सवय पहिल्यापासूनच. जन्म गेला त्यात, स्वतःचं तेवढं राहिलं. जगातली कुठलीही वस्तू दिसली की हिच्या डोक्यात पहिला प्रश्न, हिला कोण शोभेल? मी दुकानात नवा प्रिंटर आणला तर म्हणाली, "कंप्युटर चांगल्या घरातला हाय, प्रिंटर जरा हलक्यातला वाटतोय. चौकशी केलीस का?" माझ्या बायकोनं भरल्या वांग्याबरोबर ज्वारीची भाकरी वाढली की मान हलवायची, "स्थळ चांगलं हाय." चपाती वाढली तर, "जमवून घ्यावं लागतंय."

त्यामुळं एके दिवशी ती दोन नावं घेऊन आली आणि "बायोडाटा टाईप कर" म्हणाली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नावं वाचल्यावर वाटलं. ऋतुजा आणि दमयंती!

"अक्का, या दोघी बायका आहेत."

"मला दिसतंय. टाईप कर."

दमयंतीचा बायोडाटा असा होता. नोकरी, सरकारी, कायम. उंची, भरपूर. स्वभाव, वरून कडक. शेती, नाही. अपेक्षा, ऋतुजा. मी मुकाट्यानं बडवत गेलो. जन्म आषाढातला, शुक्रवार, तिन्हीसांजेचा, वर्ष अमुक. मग ऋतुजाचा. जन्म मोठ्या भूकंपाची पहाट. जन्मस्थळ, अंगण.

"अक्का, ही पोरगी तिमजली बंगल्यात राहते. अंगणात कशी जन्मली? आणि सदुसष्टच्या मोठ्या भूकंपाला म्हणजे आता साठीला टेकली की गं! टीव्हीवर पंचविशीची दिसते."

"मेकअप असतोय त्यास्नी."

पंचांग काढून गुणही तिनंच मोजले. छत्तीसपैकी बत्तीस. "एवढे गुण माझ्या हातनं आजवर जुळलं न्हाईत," असं म्हणाली आणि बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसली. मग त्याच्यासोबत चॅनलला पाठवायचं पत्र मजकूर सांगून लिहून घेतलं. 'सप्रेम नमस्कार. आपल्याकडील दोन्ही मुली आम्हांस पसंत आहेत. पैकी ऋतुजाचे यजमान विश्वजीत यांना साधा चहा गाळता येत नाही, हे आपणच दाखवले आहे. तरी योग्य तो विचार व्हावा.' चॅनलकडून 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असा छापील मेसेज आला. अक्कानं तो गल्लीभर दाखवला. म्हणाली, "इचार करतो म्हणालेत."

माझी मुलगी साक्षी सांगलीला कॉलेजात असते. सुट्टीला आली तेव्हा मी तिला ही गंमत हसत हसत सांगितली. ती हसली नाही. तडक वर गेली आणि अक्काच्या पुढ्यात मोबाईल धरला. त्यात नुसता बाजार भरला होता. ऋतुजा-दमयंतीची चित्रं काढलेली, गोष्टी लिहिलेल्या, दोघींचे तुकडे जोडून व्हिडिओ केलेले. दोघींच्या नावाचं मिळून एकच नाव, 'ऋतुयंती'. नागपूरची कुणी, बेळगावची कुणी, दुबईला नर्स असलेली कुणी.

"ही सगळी पोरं काय म्हणत्यात?" अक्कानं विचारलं.

"तू म्हणतेस तेच, आजी. या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. मालिकावाल्यांनाही ठाऊक आहे, पण दाखवत नाहीत. नुसतं एकमेकींकडं बघायला लावतात आणि पुढच्या भागात नवरा आणून उभा करतात. घाबरतात."

"भ्यायचं काय त्यात? स्थळ चांगलं हाय."

मग तिनं मोबाईल हातात घेतला, चष्मा पुसला आणि एकेक चित्र लांब धरून बघत राहिली. "म्हंजे," ती हळूच म्हणाली, "मी एकटीच न्हवते व्हय."

साक्षीनं मान हलवली. मी जिन्यात उभा होतो. हसायचं विसरून गेलो होतो.

आणि तशात मालिका संपणार अशी जाहिरात सुरू झाली. शनिवारी शेवटचा भाग. ऋतुजा विश्वजीतबरोबर कायमची परदेशी जाणार, फौजदारीण फाटकापाशी उभी राहून सलाम ठोकणार. जाहिरातीतच दाखवून टाकलं बेट्यांनी!

अक्काचं जेवणावरचं मन उडालं. एक मुलगा बघायला आलेली माणसं तशीच परत पाठवली. मी समजूत घालायला गेलो, "अगं, एक संपली की दुसरी लागते मालिका."

तर भडकली माझ्यावर. "दुसरी लागंल रं! पण मंगलला फोन काय म्हणून करू? तीन वर्षं झाली तिचा नवरा जाऊन. पोरगा पुण्याला. त्या अर्ध्या तासाला ती दिवसभर वाट बघती. आन मी बी. हालहवाल इचारायला रोज फोन केला तर लोक म्हणतील, ह्या म्हाताऱ्यांस्नी काय उद्योग न्हाई. मालिकेचं सांगायचं म्हटलं की कोण काय बोलत न्हाई."

मी म्हटलं, "मग एकदा जाऊन का येत नाहीस कोयनेला? दोन-अडीच तासांचा रस्ता."

"घाट लागतोय मला. मळमळतंय."

हे उत्तर मी जन्मापासून ऐकतोय. स्थळं बघायला अक्का महाबळेश्वरचा घाट चढते, आंबोलीचा उतरते, वाटेत भडंग खाते. लागतो तो एकट्या कोयनेचा.

शनिवारी सकाळी मी शटर वर करतोय तर अक्का पायरीवर बसलेली. इस्त्रीची साडी, मांडीवर बॅग, हातात लिंबू आणि डिशची नवी वायर.

"गाडी काढ. शेवटचा भाग तिला समोर बसून सांगायचा. आन ती वायर बदलून दे तिची."

"आणि मळमळलं तर?"

"मळमळू दे."

मलकापूर गेलं, कराड गेलं. पाटणच्या पुढं वळणं सुरू झाली. मी आरशातून बघत होतो. अक्का लिंबू हुंगत बाहेर बघत होती. मग आपणहून बोलायला लागली.

"मंगलचं स्थळ मीच आणलं हुतं रं. माझ्या आयुष्यातलं पयलं. तिच्या घरातली सगळी हुडकायला लागली हुती. म्हटलं, कोण न कोण तर आणणारच, मग माणूस तरी मी बघते. चांगला हुता बिचारा, धरणावर नोकरीला. पाठराखीण म्हणून मीच संगं आले. पाच दिवस ऱ्हायले आन सहाव्या दिवशी एस्टीनं परत. कराडपत्तुर रडले. कंडक्टर म्हणाला, बाई, गाडी लागली काय? म्हटलं, व्हय. तवापासनं मला ह्यो घाट लागतोय."

पुढची दहा वळणं मी फार सांभाळून घेतली. लिंबू तिनं पिशवीत ठेवून दिलं.

मंगलबाई अंगानं एवढीशी. दारातच उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"म्हातारी झालीस की गं," अक्का म्हणाली.

"आन तू काय तरणी हाईस व्हय?"

एवढंच बोलल्या, पण अक्कानं धरलेला तिचा हात चहा होईपर्यंत काही सोडला नाही. चहा मग मीच केला. मंगलबाई जुनं जुनं काढत बसली. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. मंगल बुटकी, माणसांच्या पाठी सोडून तिला काही दिसायचं नाही. मग अक्का विटांवर उभी राहून वरून सांगायची.

"आन तवा बी खोटंच सांगायची," मंगलबाई हसली. "सगळे बापे पोत्यावानी गुंडाळून बाजूला टाकायची. शेवटाला हिरवीण आन तिची मैत्रीण टांग्यात बसून जायच्या."

"तुमच्या दोघींत मोठी कोण?" मी सहज विचारलं.

"ही दीड वर्सानं. आषाढातली, शुक्रवारची. मी भूकंपाच्या पहाटेची. सगळी घरातनं बाहेर पळाली आन आईला अंगणातच कळा सुरू झाल्या."

तो बायोडाटा मीच टाईप केला होता. जन्मस्थळ, अंगण. छत्तीसपैकी बत्तीस. मी अक्काकडं बघितलं. ती खिडकीतून डोंगर बघत होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

विषय बदलायला म्हणून मी वायर उचलली, "डिश कुठंय, बघून घेतो."

"ऱ्हाऊ द्या," मंगलबाई घाईनं म्हणाली. "पत्रा लय घसरतोय वरचा."

गप्पांत दिवस सरला, साडेसात वाजले. मंगलबाईनं टीव्ही लावला. चित्र कसं? आरशासारखं स्वच्छ! फौजदारणीच्या टोपीवरची धूळसुद्धा दिसत होती. मंगलबाईनं रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला.

अक्का टीव्हीकडं बघते, मंगलकडं बघते. "चित्र तर येतंय."

"येतंय की."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. कवाच अडकलं न्हाई." मंगलबाई पदराचं टोक चिवडत होती. "मी आवाज बंद करून बघते. चित्र त्यांचं आन आवाज तुझा."

"म्हंजे मी दोन वर्सं जे खोटं सांगत हुते..."

"ते मला पायजे हुतं. तू सांगायची थांबशील म्हणून बोलले न्हाई. सांग आता. सुरू झालं बघ."

अक्कानं माझ्याकडं तांब्या मागितला. मी पाणी दिलं. पडद्यावर गाडी उभी होती. विश्वजीतनं दार उघडलं, ऋतुजा आत बसली. फौजदारीण फाटकापाशी. सलाम ठोकला तिनं. गाडी निघाली.

"गाडी..." अक्का म्हणाली. "गाडी निघाली बघ मंगल. फाटकापत्तुर आली. आन थांबली."

पडद्यावर गाडी फाटक ओलांडून हमरस्त्याला लागली.

"दार उघडलं," अक्का म्हणाली. आता आवाज नेहमीसारखा झाला होता, साखरेच्या डब्यापाशी असायचा तसा. "उतरली ती. पळत न्हाई, चालतच आली. म्हणाली, मी जात न्हाई."

मंगलबाई टीव्हीकडं डोळे लावून बसली होती. तिथं नुसता मोकळा रस्ता होता. "आन बॅग?" तिनं विचारलं.

"बॅग ऱ्हाऊ दे गाडीत, म्हणाली. बॅगेचं काय एवढं."

"मग फौजदारीण काय म्हणाली?"

"ती कशाला काय म्हणती? रडाय लागली. ह्या कडक बायकांचं तसंच असतंय."

पडद्यावर नावं सरकायला लागली. दोघी नावं संपेपर्यंत बघत बसल्या. मग मंगलबाई म्हणाली, "उद्याचं काय?"

"उद्या रविवार. सुट्टी असती."

"सुट्टी न्हाई आता."

मी बाहेर येऊन गाडी सुरू केली. दारातून हाक मारली, "अक्का, निघायचं ना? घाटात धुकं उतरेल." आतून फक्त अक्काचा आवाज येत होता. दोघी परत घरात गेल्या म्हणे, पाणी तापवलं म्हणे, फौजदारणीला चहा गाळता येतो म्हणे. टीव्ही तर कधीच बंद झाला होता.

मागच्या सीटवर तिची बॅग तशीच होती. ती उचलून मी मंगलबाईच्या ओसरीवर ठेवली, दार हळूच पुढं ओढलं आणि एकटाच परत निघालो.